अण्णांच्या नावाची जिग

आम्ही मूळचे मिरजेचे. माझे वडील, अण्णा, दिवसा शाळेत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी गाणाऱ्यांना व्हायोलिनवर साथ, म्हणजे गवई पुढं आणि हे मागं, चाळीस वर्षं मागंच बसले. मला सातव्या वर्षी त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसवलं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि म्हणाले, हं, ओढ. काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं मला आयुष्यात एकदाही छान म्हटलं नाही. फार खूश झाले तर म्हणणार, हं, पुढं. चूक झाली तर थांब म्हणून गज धरायचे, आणि का थांब ते सांगायचे नाहीत, तुझं तू शोध. आणि मी पहिल्यापासून भित्री, कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तरी मला वाटतं आता फुटतोय, मग असल्या माणसासमोर वाजवायचं म्हणजे बघा.

लग्न झालं, ह्यांची नोकरी इथं जर्मनीत एर्लांगेनला, सॉफ्टवेअरमधली, आले मागोमाग. आता पंधरा वर्षं झाली. मी एका किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, स्वयंपाकघरात काम करते, साठ पोरांचं जेवण. व्हायोलिन कपाटावर पडलेलं. मुलगी जर्मनमध्ये म्हणायची, मामा, म्हणजे आई, श्पील डोख माल, वाजव की गं, आणि मी म्हणायची नंतर. नंतर नंतर करत पोरगी अकरा वर्षांची झाली.

मग एकदा किटाच्या उन्हाळी समारंभात बाई म्हणाल्या, तुम्ही काहीतरी वाजवा, म्हणून गवतावर सतरंजी टाकून बसले. एका पोराचा आजोबा येऊन समोर उकिडवाच बसला. हा डंकन, स्कॉटलंडचा, बायको इथली म्हणून इथंच राहिलेला, निवृत्त मास्तर. माझ्या तारा ऐकून म्हणतो कसा, ह्या अशा कुणी लावायला शिकवल्या? म्हटलं वडिलांनी, सा-प, सा-प. तर म्हणाला, आमच्याकडे जुने लोक काही चालींना अगदी अश्शाच लावायचे. मला खोटंच वाटलं. त्यानं लगेच माझंच व्हायोलिन घेऊन खांद्याला लावलं आणि एक जिग वाजवली. जिग म्हणजे त्यांचं नाचाचं वाजवणं, सहा मात्रांचं, आपला दादराच धरा, पण दादरा डुलतो आणि ही उड्या मारते.

तर मी जायला लागले डंकनच्या वाजवणाऱ्या मंडळींत. रविवारी दुपारी दहा-बारा जण जमतात, चर्चच्या मागच्या खोलीत, ते सगळे खुर्चीवर आणि मी खाली. कुणी काही म्हणत नाही. दोन वर्षांनी माझ्याकडून एक चाल झाली. झाली म्हणजे कशी, अण्णा तारा लावून झाल्या की रोज सहाच सुरांचा एक तुकडा वाजवून बघायचे, तो माझ्या बोटात होता, तो धरून पहिला भाग झाला, मग वरच्या सुरांतला दुसरा भाग मी जोडला. डंकन म्हणाला, नाव काय? त्यांच्यात रीत अशी की नवीन चाल कुणाच्या तरी नावानं करायची, कुणाचं लग्न, कुणाला मूल झालं, कुणी निवृत्त झालं, जित्याजागत्या माणसाच्या नावानं. मी म्हटलं, अण्णा. त्यानं कागदावर लिहिलं, अण्णा ऑफ मिरज. मला कोण आनंद!

घरी आल्या आल्या व्हिडिओ कॉल लावला, चाल वाजवून दाखवली, म्हटलं अण्णा, हिला तुमचं नाव दिलंय. अण्णांचा चेहरा उतरला. म्हणाले, थांब. नको. माझं नाव नको लावूस. आणि फोन शिरीषच्या, माझ्या भावाच्या, हातात दिला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की अगं मूर्ख बाई, काय केलंस हे! आपल्याकडे नाव कधी लागतं? माणूस गेल्यावर. चौकाला, वाचनालयाला, आणि गाण्याच्या स्मृतिसभेला. अण्णांनी जन्मभर असल्या स्मृतिसभांत साथ केलेली, फोटोला हार आणि पुढं गाणं. त्यांना तेच दिसलं असणार. आणि डंकनला नाव काढ म्हणून सांगायचं, तेही मी नंतर नंतर करत राहिले.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी शिरीषचा फोन, अण्णांच्या छातीत दुखलं, तीन नळ्या बंद, शुक्रवारी बायपास. वय एक्याऐंशी. आणि मला जाता येईना, माझं व्हिसाचं कार्ड नूतनीकरणाला दिलेलं, ते हातात यायच्या आधी बाहेर पडले तर परत यायची पंचाईत. हे म्हणाले, अगं नावाचा आणि हृदयाचा काय संबंध, तू शिकलेली ना? शिकलेली आहे हो. पण जीव शिकलेला नसतो त्याला काय करू?

गुरुवारी सायकल काढली आणि डंकनच्या दारात. म्हटलं ते नाव काढ, आत्ता, माझ्यासमोर. त्यानं वाटायला चौदा प्रती काढल्या होत्या. एकही प्रश्न न विचारता चौदाही कागदांवर त्यानं पेनानं काट मारली, आणि मग चहा ठेवला. मी रडले त्याच्या स्वयंपाकघरात.

शुक्रवारी मी किटात बटाटे सोलत होते. रजा घेतली नाही, घरी बसून वेडी झाले असते. फोन ॲप्रनच्या खिशात. मनात एकच, माझ्या हौसेनं बाप घालवला. साडेबाराला वाजला तेव्हा घेववेना, माझ्यासोबतच्या बाईनं उचलून माझ्या कानाला लावला. शिरीष म्हणाला, झालं, नीट झालं. मी तिथंच फरशीवर बसले.

पंधरा दिवसांनी अण्णा घरी आले आणि त्यांचा स्वतःहून फोन. आवाज बारीक झालेला. म्हणाले, ती तुझी चाल वाजव. मी म्हटलं, अण्णा नको, नाव काढलंय, माफ करा मला. ते म्हणाले, वाजव म्हणतो ना. वाजवली. पहिला भाग झाला, दुसऱ्यात वर गेले आणि ते म्हणाले, थांब. इथं. वरच्या षड्जावर गेलीस आणि लगेच पळालीस खाली. उभी राहा की तिथं! आणि त्या बारीक आवाजात, मध्ये दम घेत घेत, त्यांनी तो भाग गाऊन दाखवला, दोनदा. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही तेव्हा ह्यासाठी नको म्हणालात? मग काय, म्हणाले, चुकीच्या चालीला नाव लावून घेऊ का मी? ऑपरेशनच्या आधी शिरीषला सांगितलंही होतं, तिचा दुसरा भाग राहिलाय म्हणून. त्याला वाटलं मी भ्रमात बोलतोय. आता लाव.

हसू की रडू ते कळेना मला. डंकननं नवीन कागद काढले, त्यावर नाव आहे.

काळजी काही गेलेली नाही हं. भारतातून फोन आला की अजून आधी बघते, शिरीषचा आहे की अण्णांचा. परवा अण्णा विचारत होते, तुम्ही ती कुठल्या लयीत वाजवता? म्हटलं फार जलद, इथं सगळे पळवतात. म्हणाले, सावकाश वाजवा म्हणावं, मला काही घाई नाही. मी देवाजवळ आता तेवढंच मागते, अशीच घाई नसू दे त्यांना.