सगळ्यात स्वस्त विमा

राहुरीच्या विमा एजंटबाईंच्या ऑफिसात माझ्यापुढं एक नवरा-बायको बसले होते. कारचा विमा संपत आला होता.

"मॅडम, सगळ्यात स्वस्त कुठला तो सांगा. कंपनी बंद पडली, चार महिने झाले घरीच हाय."

"घरी कसले? दिसभर गाडी पुसत्यात. मला कदी एवढं जपलं न्हाई."

"सत्यशीला, मॅडमपुढं तरी गप बस."

"दादा, मग थर्ड पार्टी घ्या. तुमच्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा भरेल, तुमच्या गाडीचं मात्र तुम्ही बघायचं."

"चालंल, मॅडम. बैलगाडीसुदिक ह्यांना मागं टाकून जाती. ह्यांच्या गाडीला काय हुनार?"

"खरं तर मी गाडी इकायचीच म्हनत हुतो. दारात उभी दिसली की लोक इचारत्यात, आज सुट्टी का?"

"इकायची न्हाई."

"बरं दादा, फॉर्मवर व्यवसाय काय लिहू?"

"काय लिवता आता? रिकामा लिवा."

"ड्रायव्हर लिवा, मॅडम."

"कुनाचा ड्रायव्हर गं?"

"माजा. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत मला काम लागलंय. सोमवारपासून सकाळी नऊला पोचवायचं."

"आन् हे मला आत्ता सांगतीस?"

"काल सांगितलं असतं तर रातभर तोंड पाडून बसला असता."

"मॅडम, शेजारी बसनाऱ्या मानसाचा विमा त्यात धरता येतो का?"

"येतो, दादा. पण थोडे पैसे वाढतील."

"वाढू द्या."