फोटोत मधे मी

माझ्या लेकीचा, पल्लवीचा व्हिसा का अडला म्हणून तुम्ही सगळ्या विचारता ना? मी अडवला, बायांनो.

डॅनियल युरोपातला, पुण्याच्या कंपनीत पल्लवीशी ओळख झालेला. लग्न तिकडे जाऊन करायचं ठरलं होतं. त्याआधी तो आठ दिवस आमच्याकडे राहायला आला. पन्हाळ्याला गेलो, तर दोघं फोटोसाठी एकमेकांना चिकटून उभी राहिली. मी ओरडले, "अगं, लांब हो की! भावकी बघंल फोटो." आणि मीच मधे जाऊन उभी राहिले. आठही दिवस असंच चाललं.

तो युरोपात परत गेला. पल्लवीनं व्हिसाच्या अर्जाला तेच फोटो जोडले. महिन्याभरानं नकार आला. नातं खरं वाटत नाही म्हणे.

एजंटानं एकेक फोटो पाहिला आणि हसला. "काकू, सगळ्यांत तुम्हीच मधी हायसा. ह्यावर व्हिसा तुम्हालाच मिळंल की!"

"मग आता?"

"दोघांचे जवळचे फोटो आणा, परत अर्ज टाकू."

फोटोसाठी डॅनियलनं यायला हवं, आणि त्याची वर्षाची उरलीसुरली रजा माझ्या त्या आठ दिवसांत संपलेली.

काल पल्लवी त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होती. मी चहा घेऊन गेले, तर तिनं मोबाईल हातभर लांब धरला आणि माझ्याकडे फिरवला.

"बघ आई," ती म्हणाली, "आता बास का एवढं लांब?"