मॉरिशसचा भूगोल

मॉरिशसचं नाव माझ्यासमोर काढू नोका! आमच्या सावली गावच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर समुद्र काय पाह्यला, वर्षभर आमचं डोकं खाल्लं. "तुमी बसा इथीच चिखलात धान रोवत, आमी चाललो मॉरिशसले पोहायले!"

पासपोर्टले त्याईच्या गावच्या शाळेचा दाखला पाहिजे होता, अन् गाव वैनगंगेच्या पल्याड. मी सोबत गेलो. डोंगा जरासा हलला, तं सर माझ्या गळ्यात पडून बोंबलाले लागले, "परत फिरव! मले नाई जायचं!"

नावाडी त्याईचाच जुना विद्यार्थी. वल्हं थांबवून म्हणते, "सर, बेटाच्या चारई बाजूनं पाणी असते, हे तुमीच शिकवलं होतं ना?"