आई कोणाकडे उतरणार

(परदेशातल्या एका शहरात तळघरातली खोली. एक खाट, एक शिलाई मशीन. गावात राहणारी धाकटी बहीण शहरातल्या थोरलीकडे आली आहे.)

धाकटी : म्हणजे आईला तूच सांगितलंस, की आमच्या गावात डॉक्टर नाही, मी तिला दिवसभर कोंडून कामावर जाईन?

थोरली : डॉक्टर आहे का?

धाकटी : शेजारच्याच गल्लीत आहे. ताई, आपला मुलूख सोडून इथे यायला ती कशीबशी तयार झाली होती. आता रडत म्हणते, नको गं, मी आहे तिथेच बरी.

थोरली : पण तुझ्याकडेच येणार, हे ठरवलं कोणी? मला विचारलंत? या देशात आधी पाय ठेवला तो मी. लोकांचे कपडे शिवून बोटांची चाळण झाली, तेव्हा तुम्हा नवराबायकोला बोलावता आलं.

धाकटी : ते मी कधी नाकारलं?

थोरली : शहरात तुमचा निभाव लागला नाही. काचघरात टोमॅटो तोडायला गेलात. मी सगळ्यांना सांगायचे, बिचारी चिखलात गेली. आणि आता? दोन खोल्या, अंगण, येताजाता विचारपूस करणारी मालकीण. वर आईला फोटो पाठवतेस, अंगणात तिच्यासाठी खुर्ची मांडलेली. दुखलं माझ्या पोटात. झालं समाधान?

धाकटी : आणि तू काय पाठवायचीस? झगमगते रस्ते, खांद्याला नवी पर्स. मी ओल्या मोज्यांत बसून ते बघायचे. वाटायचं, मजा आहे बाईची.

थोरली : पर्स मैत्रिणीची होती.

धाकटी : खुर्ची मालकिणीची आहे.

थोरली : हसू नकोस. ती खिडकी बघ. माणसांचे नुसते पाय दिसतात. इथे ये म्हणायला मला तोंड नव्हतं, चिमणे. म्हटलं, माझ्याकडे नाही, तर कोणाकडेच नको.

धाकटी : मी काल तिला पुन्हा फोन केला. खरं ते सांगितलं.

थोरली : संतापली असेल.

धाकटी : नाही गं, तुझी खोली कशी आहे ते विचारलं. मग म्हणाली, येते. पण आधी थोरलीकडे उतरते.

थोरली : इथे? खाट एकच आहे, हे सांगितलंस?

धाकटी : सांगितलं. म्हणाली, चालेल, फक्त ती झोपेत पांघरूण ओढते, म्हणून माझं वेगळं आणते.

थोरली : ...अजून ओढते म्हणावं.