निळाई हाइट्सची तारीख

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय. थांब हं, इथं ताशा वाजतोय, काही ऐकू येत नाही. जरा कोपऱ्यात येते… हं, बोल.

हो, मीच पाठवला तो मेसेज… नाही गं, फसवणूक कसली? पैसे मागितलेत का त्यात कुणी? ‘चावी घ्यायला या’ म्हणजे चावी घ्यायलाच या. तुझ्या फ्लॅटची.

हसतेस काय… हो, माहितीये किती दिवाळ्या झाल्या. मोजून दाखवू नकोस… हो, खरंच झाली. निळाई हाइट्स पूर्ण झाली. भोगवटा दाखला मागच्या आठवड्यात आला, आज चाव्या वाटताहेत… पाणी आहे. मी स्वतः नळ सोडून बघितला… लिफ्ट पण आहे. म्हणजे आत्ता जरा बंद पडलीय, पण आहे.

काय म्हणालीस?… भाऊजींवर तुझा विश्वास नाही. बरोबर आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या दिरांवर माझाही नव्हता. पण तू बसलीस बडोद्यात, तुला काय माहीत इथं जळगावात काय काय झालं… सांगणार कशी? वर्षभर फोन घेतलास का माझा?… बरं, जाऊ दे ते. आता ऐकतेस का? आहे ना वेळ? कुकर बंद करून ये आधी.

…केलास? हं.

तर तो नवा कायदा आला बघ, रेरा… हो, तोच. बिल्डरनं इमारत सरकारकडं नोंदवायची, नोंदवल्याशिवाय एक खोली विकायची नाही की जाहिरात करायची नाही. भाऊजी त्याला पहिल्या दिवसापासून ‘रेडा’ म्हणायचे. चार दिवस फुरफुरेल आणि बसेल खाली, म्हणायचे. पण तो काही बसेना. मुदत जवळ आली तेव्हा आमच्या ह्यांनी परस्परच एका सीए मुलीला बोलावलं. पल्लवी अत्तरदे. बारीकशी आहे, चष्मा लावते, आवाज कसा, तर देवघरात बोलल्यासारखा. भाऊजी तिला ‘बेटा, बेटा’ करत होते, चहा पाजत होते. तिनं लॅपटॉप उघडला आणि विचारलं, इमारत पूर्ण कधी होणार?

भाऊजी म्हणाले, “दिवाळीपर्यंत.”

ती म्हणाली, “कुठल्या?”

…अगं, हसू नकोस. आमच्या ऑफिसातला चहावाला किटली धरून तसाच उभा राहिला. वीस वर्षं या माणसानं धंदा केला, आणि इतक्या वर्षांत कुणी ‘कुठल्या’ असं विचारलंच नव्हतं. तू विचारलं होतंस?… नाही ना? तू आपली पेढे घेऊन आलीस.

मग तिनं ते छापील माहितीपत्रक मागितलं. आठवतंय ना, निळं, गुळगुळीत?… हो, तेच, पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं ते. तो तलाव सिंगापूरच्या कुठल्यातरी हॉटेलातला होता, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं का मी?… बरं, मग आता सांगते. मूळ चित्रात तलावात एक गोरी बाई होती. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी, शैलावहिनींनी, ते बघितलं आणि म्हणाल्या, हे घरोघरी जाणार आहे, हिला आधी बाहेर काढा. म्हणून भाऊजींनी त्या बाईच्या जागी बदक घातलं. पल्लवीनं चष्मा वर करून ते चित्र नीट बघितलं. म्हणाली, जे दाखवलंय ते द्यावं लागेल. भाऊजी म्हणाले, बदक पण? ती म्हणाली, बदकाचं बघू, तलाव आधी.

कुठला तलाव गं… खड्डा होता नुसता. भूमिपूजनाच्या वेळी फोटोसाठी खणलेला. चौथ्या मजल्यापाशी काम थांबलं, तेव्हापासून शेजारच्या गवळ्याच्या म्हशी त्यात बसायच्या. लोक साइट बघायला आले की वॉचमन आधी म्हशी हाकायचा… हो, तू आलीस तेव्हाही. म्हणून तर तुला अर्धा तास ऑफिसात बसवलं होतं.

त्या दिवशी भाऊजी घरी आले ते जेवलेच नाहीत. वहिनींनी ताट वाढलं, तर म्हणाले, शेतीच बरी होती, केळी लावतो परत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुठंच सापडेनात. फोन उचलेनात. आमचे हे शोधत शोधत साइटवर गेले, तर हा माणूस त्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेला. समोर म्हशी. ह्यांनी विचारलं, दादा, अशी काय मोठी गोष्ट आहे, तारीख तर लिहायची. तर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, “तारीख दिली की माणूस खोटा ठरू शकतो रे. दिवाळीचं तसं नाही. ती दरवर्षी येते.”

…हो ना. मलाही ते ऐकून कसंतरी झालं. आपण त्यांना लबाड समजत होतो, आणि माणूस घाबरलेला होता… नाही, दोन्ही होते, मी कुठं नाही म्हणते. फ्लॅटचंच बघ ना. जिना, लिफ्ट, पॅसेज, सगळं मिळवून तुला एवढा मोठा सांगितला होता. नव्या कायद्यानं फक्त भिंतींच्या आतलं सांगायचं. भाऊजी म्हणतात, फ्लॅट तेवढाच आहे, सांगताना लहान झाला… तुझं कपाट मावेल गं. मी टेप लावून बघितलंय.

हं, तर तलाव. पल्लवी म्हणाली, वगळायचा तर वगळता येईल, पण घरं घेतलेल्यांपैकी तीनातल्या दोघांनी तरी लेखी होकार द्यायला हवा. म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलावणं आलं. भाऊजी नको नको म्हणत होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही, मीटिंगमध्ये कळलं… हो, त्याच मीटिंगचं तुला पत्र आलं होतं. तू न वाचता सही करून पाठवलीस ते… नाही, चांगलं केलंस, एक सही तर मिळाली.

मंगल कार्यालयात ठेवली होती. कचोरी, मूगभजी, चहा. भाऊजींना वाटलं, खाऊन खूश होतील. पण झालं काय, लोक खाता खाता एकमेकांशी बोलायला लागले. इतकी वर्षं भाऊजी प्रत्येकाला एकेकटं भेटत होते ना. आता एक बँकेतले गृहस्थ शेजारच्याला सांगताहेत, माझी पार्किंगची जागा कडुनिंबाखालची, साहेबांनी खास माझ्यासाठी ठेवलीय. शेजारचा म्हणतो, कडुनिंबाखालची? ती तर माझी. तिसरी बाई मागून म्हणते, अहो, मला झाड दाखवून सांगितलंय. बघता बघता सात जण उभे राहिले, सगळे त्याच झाडाखालचे… अगं, तुला पण?… मग आठ.

गोंधळ काय झाला म्हणून सांगू. कुणी म्हणतं पोलिसात जाऊ, कुणी म्हणतं पैसे परत द्या, एकानं तर मूगभज्यांचं ताटच उचलून बाजूला ठेवलं, म्हणे याचं खायचं नाही. भाऊजी माईक धरून नुसतेच उभे. तलाव वगळायचा विषय तर तसाच राहिला.

आणि मग खाचणे सिस्टर उठल्या… अगं, त्या नाही का, दवाखान्यातल्या नर्स. आख्ख्या गावाला इंजेक्शनं दिली त्यांनी. आता रिटायर होऊनही खूप वर्षं झाली, काठी घेऊन चालतात. त्यांचं तिसऱ्या मजल्यावर घर होतं, म्हणजे कागदावर. राहायच्या भाड्याच्या खोलीत. करार संपला की मालक म्हणणार खाली करा, की ह्या निघाल्या ट्रंका घेऊन. नवरा असाच बदललेल्या एका खोलीत गेला त्यांचा. मुलं नाहीत.

त्या उठल्या तसे लोक आपोआप गप्प बसले. गावातल्या निम्म्या लोकांना अजून त्यांची भीती वाटते. भाऊजींना तर त्या ‘मधू’ म्हणतात. काठी टेकत टेकत पुढं आल्या आणि म्हणाल्या, मला पोहता येत नाही, मला तलाव नको. गाडी नाही, झाड पण नको. मग भाऊजींकडं वळल्या.

“मधू, सुई टोचताना मी तुला कधी ‘दुखणार नाही’ असं सांगितलं होतं का?”

भाऊजींनी मान हलवली. नाही.

“काय सांगायचे मी?”

भाऊजींनी माईक खाली केला. अगदी लहान आवाजात म्हणाले, “दुखेल. पण दहापर्यंत मोज, मग संपेल.”

“तसं सांग आम्हाला,” त्या म्हणाल्या. “किती दुखणार आहे ते सांग, आणि कुठपर्यंत मोजायचं ते सांग.”

…हं… हो, मी पण रडले तेव्हा. तू रड, कुणी बघत नाही.

मग भाऊजी बोलायला लागले. पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. की पैसा दुसऱ्या कामात अडकलाय, तलावाला पाणी कुठून आणणार, आपल्याला प्यायला पुरत नाही, कडुनिंबाखालची जागा एकालाच मिळेल आणि ती चिठ्ठ्या टाकून ठरवू. खड्ड्याची पावसाच्या पाण्याची टाकी करू. लोक ऐकत होते. मग म्हणाले, पुढची सोडून त्यापुढच्या संक्रांतीच्या आसपास… तर सिस्टर म्हणाल्या, आसपास नको, आकडा सांग.

आणि भाऊजी म्हणाले, “सतरा फेब्रुवारी. दोन हजार एकोणीस.”

अगं, कुठून आली ती तारीख, देव जाणे. तोंडात आली ती बोलले. पण मागच्या रांगेत वहिनी एकदम लाजल्या. सतरा फेब्रुवारी म्हणजे त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला तो एकदाही आठवला नव्हता, आणि आता भर सभेत… त्यांना वाटलं, मुद्दाम. तीन दिवस घरात शिरा होता. भाऊजी मला हळूच विचारतात, शिरा कशाबद्दल चाललाय गं?… नाही सांगितलं. कशाला सांगू? खाऊ दे की शिरा.

सह्या झाल्या. दोन-चार जण सोडून सगळ्यांच्या. पल्लवीनं ती तारीख भरली, बटण दाबायच्या आधी विचारलं, नक्की ना? भाऊजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, दाब.

त्यानंतरचे हाल विचारू नकोस. मोठी गाडी विकली. वाळू मिळायची बंद झाली मध्ये. प्लास्टरवाले होळीला खरगोनला गेले ते येईनात, तर हा माणूस एसटीनं तिकडं गेला, त्यांच्या अंगणात बाजेवर झोपला आणि सगळ्यांना घेऊनच आला. आणि सिस्टर दर गुरुवारी साइटवर. एक शब्द बोलायच्या नाहीत. विटांच्या थप्पीवर बसून शेंगा खायच्या आणि बघत राहायच्या. गवंडी म्हणायचे, साहेब, तुम्ही शिव्या द्या, पण त्या आजींना येऊ नका म्हणावं.

…हो, आज सतराच आहे. म्हणून तर ताशा… नाही, लग्नाचा दिवस अजून नाही आठवलेला भाऊजींना. वहिनी नवी पैठणी नेसून उभ्या आहेत बिचाऱ्या. मी आज सांगणार आहे हळूच.

आता ऐक, मी बोलत बोलत जिना चढते हं… अगं, काळजी वाटतेय म्हणून. सकाळी पहिली चावी सिस्टरना दिली. त्या टेम्पोच घेऊन आल्या होत्या, दोन ट्रंका, एक खाट आणि नवऱ्याचा फोटो. सामान वर चढवलं, भाऊजी स्वतः ट्रंक उचलून गेले. आणि सिस्टरनी आत जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी… नाही ना, अजून उघडलेलं नाही. भाऊजी दारातच उभे. वाजवायचं धाडस होत नाही म्हणे. आत्ताच आमचे हे खाली येऊन सांगून गेले.

…दुसरा मजला… हो, दम लागतोय, मला पण वय आहे… हं. आले तिसऱ्यावर.

…उभेच आहेत गं. डोक्यावर फेटा तसाच. सगळे मागं उभे… थांब. थांब जरा. कडी वाजली.

…उघडलं. बऱ्या आहेत. अगं, बऱ्या आहेत, काही झालेलं नाही. आत झाडून काढत होत्या. हातात केरसुणी आहे. डोळे लाल दिसताहेत, पण बऱ्या आहेत… भाऊजी आत जायला निघाले…

…थांबवलं त्यांना. केरसुणी आडवी धरली.

काय म्हणाल्या?… अगं, म्हणाल्या, “बूट बाहेर काढ, मधू. घर आहे हे माझं.”

…हो, काढताहेत. खाली बसलेत, बुटाची नाडी सोडताहेत… सुटत नाहीये लवकर… रडताहेत का, ते नाही कळत, फेट्यात तोंड दिसत नाही.

ताई, तू निघ बाई आजच… कपाटाचं नंतर बघू. तुझी चावी माझ्याकडं आहे, तू स्वतः दार उघड… हो, मिळेल ती रेल्वे बघ, नाहीतर बसनं ये… काय?… नाही, मी नाही कधी रागावले होते. तूच… बरं, दोघी होतो.

चल, मला पण आत बोलावताहेत, ठेवते… हो सिस्टर, आले. काढते ना, काढते चपला.