चाकाचा आवाज

सोनगीरच्या गॅरेजात पंक्चर निघेपर्यंत पंडितआबा बाकावर टेकले. समोरच्या गाडीत मागच्या सीटवर एक आजारी बाई आडवी होती. तिचा नवरा मिस्त्रीशी बोलत होता.

"नाना, चाक जॅकवर घेऊन हलवलं तर डुगडुगतंय. बेरिंग पार गेली. आवाज कधीपासून होता?"

"पावसाळ्यापासून. दर आठवड्याला हिले धुळ्याच्या दवाखान्यात नेतो. हीच म्हने, टायरचा आवाज शे, ऱ्हाऊ द्या."

"अहो, चाक निखळलं असतं!"

नवी बेरिंग बसली. मिस्त्रीने दोघांना घेऊन हायवेवर एक फेरी मारून आणली.

"बघा, गाडी कशी गुपचूप पळते! नाना, तोंड का उतरलं?"

"ही कण्हत होती, प्रत्येक खड्ड्याला. झुंबर, आजच दुखतंय का गं?"

"रोजच दुखतं. चाकाच्या घरघरीत तुमले ऐकू येत नव्हतं, तेच बरं व्हतं."

"आन् मी डॉक्टरले दरवेळी सांगत व्हतो, हिले आता काही दुखत नही."

"मिस्त्रीभाऊ, गाडीत गाणी लागतात ना?"

"लागतात अक्का."

"मग लावून द्या. मोठ्यानं लावा."