लाल पेन्सिलीतली प्रार्थना

सलाम, मंडळी. पाळकसाहेब, मार्थावहिनी, घाटकोपरहून आणि पार बोरिवलीहून आलेले तुम्ही सगळे. आज मला नीट बोलता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. वहिनी म्हणाल्या, "रूथ, तूच बोल, त्यांच्याशी सगळ्यात जास्त तूच भांडलीस." नवऱ्याच्या शोकसभेत भांडणारीलाच उभं करणारी ही बाई, धन्य आहे हो!

दानिएलदादा विक्रोळीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. दर शुक्रवारी इथे मुलुंडला त्यांच्या घरी शास्त्राभ्यास असायचा. मी आपल्या रविवारच्या शाळेची शिक्षिका. मी आणि माझी आई, दोघी जायचो. मग कुणा परदेशी पाहुण्याने दादांना एक जाडजूड इंग्रजी बायबल दिलं. वर वचन, खाली टीप. दादा त्या टिपा मराठीत उतरवून आणायचे आणि आम्ही आपापल्या बायबलच्या समासात लिहून घ्यायचो. देवाच्या काळाचासुद्धा त्यांनी नकाशा काढला. सृष्टीपासून शेवटापर्यंत सात युगं, स्केल लावून. कुठलं युग कुठे संपतं, तिथे रेघ. मी म्हणायचे, "दादा, स्वर्गात पोहोचल्यावर तुम्ही आधी ड्रॉइंग मागाल." ते हसायचे. फार छान हसायचे ते.

मग कुठलं वचन कोणासाठी, हे दाखवायला पेन्सिली आल्या. निळी आपली, म्हणजे मंडळीची, ख्रिस्ती लोकांची. लाल यहुद्यांची, येणाऱ्या राज्याची. पानापानावर आम्ही रेघा ओढल्या. येशूचं डोंगरावरचं सगळं प्रवचन लाल झालं. माझ्या वर्गातली मुलं विचारायची, "टीचर, हे लाल आहे, पाठ करायचं का?" आणि मी, मंडळी, मी म्हणायचे, "नको."

दादांशी मी वाद घातला, नाही असं नाही. म्हटलं, हे प्रभूच्या तोंडचं ना? मग ते आपलं नाही, हे ठरवणार कोण? खाली बारीक अक्षरात छापणारा? ते म्हणाले, "रूथ, दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण उघडायचं नसतं." किती सरळ बोलले! पण आमच्या चाळीत पत्र एकाच्या नावाने यायचं आणि ऐकायला अख्खा मजला बसायचा. आईला तर वाचताच येत नव्हतं. तिच्यापर्यंत सगळं शास्त्र तसंच आलं, दुसऱ्याच्या नावाचं, दुसऱ्याच्या तोंडून. मग ते तिचं नव्हतं का?

लाल रंगात प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थनाही गेली. शुक्रवारी शेवटी ती आई म्हणायची, मोठ्याने. दादांनी तिला थांबवलं. प्रेमाने, हां. "मावशी, ही राज्याच्या काळाची. आपण कृपेच्या युगातले. आपण आपल्या शब्दांत मागू." आई म्हणाली, "माझे कुठले रे शब्द, बाळा?" एवढंच. पुढे ती तोंड मिटून बसायला लागली. घरीसुद्धा.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी ती गेली. दुपारची वेळ. तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "म्हणू का गं?" काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. आणि मी काय केलं? मी बायबल उघडलं. समासात लाल. माझ्याच हातची रेघ. मी म्हटलं, "थांब आई, दादा संध्याकाळी यायचेत, विचारून सांगते."

दादा आले तेव्हा आई नव्हती.

सांगा मला, हे पाप कोणाचं? दादांचं? दफनाची सगळी धावपळ तर त्यांनीच केली, माझ्या भावासारखा पेटीला खांदा दिला. टीप छापणाऱ्याचं? त्याला आपलं मुलुंड माहीतही नाही. माझं? मला तर वाचता येत होतं. चार वर्षं मी हे डोक्यात घोळवतेय आणि गुंता वाढतोच आहे.

त्या प्रार्थनेत एक मागणं आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाचं. त्याच्याखाली टीप होती, की हे यहुद्यांच्या नियमशास्त्राचं बोलणं; आपल्याला क्षमा कृपेने मिळालेलीच आहे, तिला अशी अट नाही. गेल्या मंगळवारी मी दादांना बघायला दवाखान्यात गेले. ते म्हणाले, "रूथ, मावशींच्या बाबतीत मला क्षमा केलीस का गं?" मी फाडकन म्हणाले, "तुमच्या टिपेप्रमाणे मला ते करायची गरजच नाही ना!" ते मग म्हणाले, "ती टीप मी परत वाचली." तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. गुरुवारी दादा गेले.

परत वाचली, मग पुढे काय? पटली? नाही पटली? वहिनींनी मला दादांचं बायबल दाखवलं. मी ते पान शोधलं. वाटलं, कुठेतरी खोडलं असेल, एखादा शब्द लिहिला असेल. काही नाही. लाल रेघ तशीच, स्केल लावून ओढलेली.

कृपेला अट नाही, हे खरं असेलही. मी काही पंडित नाही. पण त्या टिपेच्या आडोशाला बसून मी चार वर्षं राग पोसला आणि मला कोणी हटकलं नाही. ती ओळ निळी असती तर तिने मला हटकलं असतं. कदाचित म्हणूनच ती लाल झालेली मला सोयीची होती. हे मला दादांना सांगायचं होतं. दादा मला फार आवडायचे हो. राग होता तरी आवडायचे. दोन्ही एकदम कसं असतं, मला अजून कळत नाही.

चला, दोन मिनिटं शांत उभं राहू. मी मनात आईची प्रार्थना म्हणणार आहे. ज्यांना ती आपली वाटते त्यांनी म्हणा. ज्यांना वाटत नाही त्यांनी नुसतं दादांसाठी उभं राहा. त्या क्षमेच्या ओळीत मला दादांचं नाव घ्यायचंय. तिथे मी अडकेन, मला माहीत आहे. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही पुढे म्हणा.